उद्योजकास आधी नदी दाखवा

उद्योगांना बोलावण्याची स्पर्धा हल्ली गावोगाव लागली आहे. जिल्ह्याचे ठिकाण असलेले प्रत्येक शहर आपल्यापुरते एक पत्रक छापते, त्यावर एखाद्या देवळाचे नाहीतर धरणाचे रंगीत चित्र घालते आणि स्वस्त जमीन, मुबलक पाणी, कष्टाळू कामगार व शांत वातावरण या चार गोष्टींची ग्वाही देते. पत्रकावरील शहराचे नाव बोटाने झाकले, तर ते कोल्हापूरचे, सोलापूरचे, लातूरचे की नांदेडचे हे ओळखता येऊ नये, इतकी या पत्रकांची भाषा एकसारखी झाली आहे. सांगलीने या स्पर्धेत मागे राहू नये, असे आमच्या शहरातील व्यापारी व कारखानदार मंडळी नेहमी म्हणत असतात. त्यांच्या या इच्छेशी आम्ही पूर्णपणे सहमत आहोत. मतभेद आहे तो एवढ्यापुरताच की, आमंत्रण देताना पाहुण्याला काय सांगावे आणि काय सांगू नये, याविषयी त्यांचा मार्ग निराळा व आमचा निराळा.

काही दिवसांपूर्वी परगावचे एक कारखानदार आमच्या भेटीस आले होते. यंत्रांचे सुटे भाग करण्याचा त्यांचा धंदा आहे आणि पुण्याच्या आसपास जागा व मजुरी परवडत नाही म्हणून ते दुसरे ठिकाण शोधीत होते. जमिनीचा भाव, विजेचा दर, सरकारी सवलती या गोष्टींची माहिती त्यांनी आधीच मिळविली होती. आम्हांस त्यांनी एकच प्रश्न विचारला : "२०१९ साली पाणी कोठपर्यंत आले होते, हे मला कोणी उभे राहून दाखवील काय?" त्यांच्या सांगण्याप्रमाणे, हा प्रश्न त्यांनी शहरात चार जणांना विचारला होता. एकाने सांगितले, पाणी येते ते केवळ नदीकाठच्या चार गल्ल्यांत. दुसऱ्याने सांगितले, सगळे शहर बुडते. तिसऱ्याने विषय बदलला आणि चौथ्याने गणपतीच्या देवळाकडे हात जोडून, त्याच्या कृपेने आता तसे व्हायचे नाही, असे उत्तर दिले. गृहस्थ हसत हसत म्हणाले, "पुराची मला भीती वाटत नाही; चार उत्तरांची वाटते."

आमच्या मते त्या एका वाक्यात सांगलीच्या औद्योगिक भवितव्याचा सारा प्रश्न सामावलेला आहे.

नवा उद्योग परक्या गावी का जातो, याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या जिल्ह्याबाहेर डोकावण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना प्रथम बेळगावात होता. तेथील नगरपालिकेस गावाच्या वाढीसाठी त्यांची जागा हवी झाली आणि नांगर व कडबा कापण्याची यंत्रे करणाऱ्या या गृहस्थांवर बिऱ्हाड उचलण्याची पाळी आली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. लक्ष्मणरावांनी पसंत केला तो कुंडल रोड स्टेशनाजवळचा उजाड माळ. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट असलेला आणि पाण्याची वाण असलेला. परंतु आगगाडीचा रस्ता अंगाला लागून होता आणि जागा देणाऱ्या राजाच्या शब्दावर भरवसा होता. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. दहाच वर्षांत, १९२० साली, तेथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले आणि त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्यास मिळाली. नांगर आणि पंप घडविणाऱ्या वसाहतीतून मराठी घराघरांत पोचणारी तीन मासिके निघावीत, हे आजच्या औद्योगिक वसाहतींच्या चालकांनी थोडे थांबून लक्षात घेण्यासारखे आहे. कामगारास घर, मुलांस शाळा, सायंकाळी वाचावयास काही आणि सणासुदीला नाटक, या गोष्टी तेथे कारखान्याचा खर्च म्हणून मांडल्या गेल्या नाहीत. कारखाना टिकला तो त्यांच्या आधारानेच, असे आम्ही मानतो.

या दृष्टीने पाहिले असता सांगली, मिरज व कुपवाड या तीन गावांपाशी, ज्यांची १९९८ साली एक महानगरपालिका झाली, सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, अशी नावाची उपपत्ती वडीलधारी माणसे सांगत आली. १८०१ साली मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी येथे आपली राजधानी केली, तेव्हापासून या सहा गल्ल्यांची बाजारपेठ झाली. हळदीचा बाजार म्हणून तिचा लौकिक देशभर गेला. सांगलीच्या हळदीस २०१८ साली आणि बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तासगावच्या बागाइतदारांनी द्राक्षाच्या वेलीतून 'तास-ए-गणेश' सारखे वाण निवडून काढले आणि ते दूरदूरच्या मळ्यांत गेले. भिलवडीस १९३९ साली सुरू झालेल्या चितळ्यांच्या दुधाच्या धंद्याचे नाव आज पुण्यामुंबईच्या घरांत ठाऊक आहे. विट्याच्या व आटपाडीच्या दुष्काळी माळावरची माणसे सोन्याचांदीची गलाई, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याचे काम, शिकून देशाच्या कानाकोपऱ्यांतील सराफ बाजारांत जाऊन बसली आहेत. बाहेरून कोणी येऊन आपल्याला उद्योग शिकवावा, अशी या जिल्ह्याची स्थिती कधीच नव्हती.

विद्येच्या बाबतीतही तेच. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचे. अभियांत्रिकीचे महाविद्यालय, जे आज वालचंदांच्या नावाने ओळखले जाते, ते १९४७ सालचे. मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले आणि तेव्हापासून कर्नाटकातून व कोकणातून माणसे औषधपाण्यासाठी मिरजेची वाट चालू लागली. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे आहे. मोठ्या शहरातला माणूस लहान शहरात बिऱ्हाड हलविताना दोन गोष्टी विचारतो : मुलांची शाळा कोणती आणि रात्री-अपरात्री डॉक्टर मिळेल काय. या दोन्ही प्रश्नांना ताठ मानेने उत्तर देता येईल, अशी शहरे महाराष्ट्रात फार नाहीत.

आणि केवळ पोटापाण्याचेच का बोलावे? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगविले ते याच गावी. देवल आणि खाडिलकर हे दोघेही याच मातीतले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस येऊन राहिले आणि १९३७ साली त्यांच्या निधनानंतर तेथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. पंढरपूरच्या बाजूला पिकलेल्या भोपळ्यांतून मिरजेचे कारागीर आजही तंबोरे व सतारी घडवितात. त्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. संध्याकाळी कारखाना सुटल्यावर पाव तासात घरी पोचावे, हातपाय धुऊन नाटकाला किंवा गाण्याला जावे आणि परत येताना घाटावर घटकाभर बसावे, हे सुख पुण्यातल्या कोणत्याही वेतनात मिळत नाही. आमच्या शहराच्या पत्रकात हे सारे अवश्य यावे.

परंतु ज्या घाटावर त्याला बसवायचे, त्या घाटाची दुसरी कथा कोण सांगणार?

२००५ साली कृष्णा शहरात आली. २०१९ च्या ऑगस्टात ती पुन्हा आली, आणि आयर्विन पुलापाशी, जेथे ४५ फुटांस धोक्याची पातळी मानतात, तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. बाजारपेठेत दुकानांच्या फळ्यांवरून पाणी वाहिले. ब्रह्मनाळला माणसे वाचविण्यास निघालेली नाव उलटली आणि आयाबाया लेकरांसह बुडाल्या. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांस आकडे सांगावे लागत नाहीत. आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा उंबऱ्यापाशी आले. चौदा वर्षांच्या अंतराने आलेल्या पुराला अपवाद म्हणता आले. दोन वर्षांत परतलेल्या पुराला काय म्हणावे?

हरिपूरच्या पेवांची गोष्ट येथे मुद्दाम आठवावीशी वाटते. हळद साठविण्यासाठी तेथील खास मातीत खोल खड्डे खणून त्यांत माल भरीत आणि तोंड लिंपून टाकीत. त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. वीज नको, यंत्र नको. जमिनीच्या पोटातील ते शीतगृहच होते. २००५ च्या पुराचे पाणी त्या पेवांत शिरले, माल कुजला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती विद्या बहुतांशी मोडीत निघाली. ज्या मातीवर पूर्वजांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, तीच माती एका रात्रीत फिरली, आणि कोठे पाणी येऊ शकते हे आपण नव्याने मोजून ठेवले नाही, तर काय होते ते या पेवांनी दाखवून दिले आहे.

पूर का येतो, याविषयी वाद पुष्कळ आहेत. कऱ्हाडला कोयना मिळते आणि तिच्यासह कृष्णा सांगलीपर्यंत येते. सांगलीच्या खालच्या अंगास हरिपूरला वारणा मिळते. दोन्ही नद्यांस एकाच वेळी लोंढा आला म्हणजे वारणेच्या पाण्याने कृष्णेची वाट अडते व पाणी मागे शहरात फुगते. आलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा आपल्या पुराशी किती संबंध आहे आणि त्या धरणाची पातळी ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर न्यावी की नाही, यावर दोन राज्यांत झगडा आहे. तो झगडा ज्यांनी लढावयाचा त्यांनी निकराने लढावा. परंतु नाल्यांच्या तोंडावर भराव घालून प्लॉट कोणी पाडले? ओढ्यांच्या वाटेत भिंती कोणी उठविल्या? शेरीनाल्याचे घाण पाणी इतकी वर्षे कृष्णेत सोडून त्याच नदीचे पाणी आपण प्यालो, याचा दोष कोणत्या धरणावर टाकणार? जे दुसऱ्याच्या हाती आहे त्यासाठी भांडावे आणि जे आपल्या हाती आहे ते करावे, एवढे शहाणपण संसारी माणसाला असते. ते शहराला का नसावे?

आमची सूचना साधी आहे. उद्योगांना पाठवावयाच्या पत्रकात सांगलीचा एक स्वच्छ नकाशा छापावा आणि त्यात पाटबंधारे खात्याची निळी व लाल पूररेषा स्पष्ट दाखवावी. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराची ती लाल. त्या दोन रेषांखेरीज २००५, २०१९ व २०२१ या तीन वर्षी पाणी प्रत्यक्ष जेथवर पोचले, त्या खुणाही नकाशावर असाव्यात. प्रत्येक चौकात एक दगडी खांब उभारून त्यावर तीन वर्षांच्या तीन रेघा कोराव्यात, म्हणजे विचारणाऱ्यास उत्तर देण्यासाठी चार माणसांची गरज पडणार नाही. खांबच ते देईल.

हे वाचून आमचे व्यापारी मित्र म्हणतील की, संपादकांचे डोके फिरले. आपल्या हाताने आपले व्यंग छापून कोणी मुलीचे लग्न जमविते काय? त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. ज्या व्यंगाची छायाचित्रे साऱ्या देशाने दूरदर्शन संचांवर पाहिली, ते झाकण्याचा प्रयत्न केल्याने झाकते काय? २०१९ पासून बाहेरचा माणूस असे धरून चालला आहे की, सांगली म्हणजे बुडणारे गाव. खरा नकाशा छापला तर त्याला प्रथमच हे दिसेल की, कुपवाडची व मिरजेची औद्योगिक वसाहत नदीपासून दूर, उंचावर आहे आणि शहराचा बराच मोठा भाग महापुरातही कोरडा असतो. असत्याने जे नुकसान होत आहे ते सत्याने भरून निघेल. नकाशा न छापण्यात आपले हित आहे, असे ज्यांस वाटते, त्यांचे हित शहराच्या हिताहून निराळे असावे, अशी शंका आम्हांस येते. कारण पूररेषेच्या आत जमीन विकणाऱ्यालाच तेवढी ती रेषा अडचणीची असते.

नकाशाने आणखी एक गोष्ट उघड होईल आणि ती आपल्या फायद्याची असली तरी सुखाची नाही. कारखाना कोरडा राहिला तरी त्यातील कामगाराचे घर शामरावनगरात किंवा सांगलीवाडीत पाण्याखाली असते. पुलांवरून पाणी गेले की कच्चा माल येत नाही व पक्का माल जात नाही. म्हणजे कारखान्याची जागा उंच असून पुरत नाही. त्याच्याकडे जाणारा एक तरी रस्ता, कामगारांच्या वस्त्या आणि पाण्याची योजना हीदेखील उंच लागतात. हळदीची, बेदाण्याची व धान्याची नवी गोदामे लाल रेषेबाहेर बांधावीत. पुरात चालू राहतील असे रस्ते कोणते, हे आधीच ठरवून ते उंच करावेत. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ देऊ नये, मग ते कोणाचेही असो. ही कामे झाली तर उद्योजकास सवलतीचे आमिष दाखविण्याची गरज उरणार नाही. आणि ती झाली नाहीत तर फुकट जमीन दिली तरी तो टिकणार नाही.

येथे एका निराळ्या पाण्याची आठवण होते. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानेने व्याकूळ झाले असता मिरज स्टेशनावर कृष्णेचे पाणी टाक्यांत भरून आगगाडीने तिकडे पाठविले. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले. ज्या नदीने तीन वर्षांनी आम्हांस बुडविले, तिनेच त्या उन्हाळ्यात दूरच्या जिल्ह्याची तहान भागविली. आमच्याच जिल्ह्यात जत व आटपाडी कोरडी आणि सांगली बुडते, हा विरोध नवा नाही. म्हैसाळ व ताकारी या उपसा योजनांनी नदीचे पाणी दुष्काळी माळावर चढविले, तेव्हा याच जिल्ह्याच्या माणसांनी सिद्ध केले की, पाण्याचा विचार शांतपणे व चिकाटीने केला तर त्याला वळविता येते. ज्यांनी पाणी डोंगरावर नेले त्यांना ते गटारातून नदीपर्यंत धड नेता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मास्तर होतो. आमच्या हाताखालून गेलेली मुले आज पुण्यास, बंगळूरला, काही परदेशांत आहेत. दिवाळीस ती भेटावयास येतात, पाया पडतात आणि चहा घेता घेता हटकून म्हणतात, "सर, सांगलीत काही निघाले तर कळवा. परत यायचे आहे." पूर्वी आम्ही ते सौजन्याचे बोलणे समजत असू. २०१९ नंतर त्यातील एकाने विचारले, "आईला आता तिकडेच नेऊ का?" त्याचे घर त्या वर्षी पाण्यात होते आणि वृद्ध आई दोन दिवस माडीवर अडकली होती. त्याला काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नाही. उद्योगाला बोलाविण्याचा सारा खटाटोप शेवटी कोणासाठी आहे? त्या मुलाने आईला घेऊन जाण्याऐवजी स्वतः परत यावे, यासाठीच ना?

म्हणून बाहेरच्यांस बोलाविण्यापूर्वी आपल्याच मुलांस बोलवावे, असे आम्ही सुचवितो. वालचंदमधून शिकून गेलेले अभियंते, गावोगावी पसरलेले गलाईवाले, मिरजेत शिकून मुंबईत गेलेले डॉक्टर यांना हे गाव सांगावे लागत नाही. ते त्यांच्या अंगात आहे. त्यांना हवी आहे ती एवढीच खात्री की, गाव बदलण्यास तयार आहे. त्यांच्यातील पन्नास जण परत आले तर परका उद्योजक पत्रक न वाचताही येईल. घरचा माणूस जेथे थारा धरीत नाही, तेथे पाहुणा मुक्काम करीत नसतो.

लक्ष्मणराव कुंडल रोडच्या माळावर उभे राहिले, तेव्हा त्या माळावरचा निवडुंग कोणी झाकून ठेवला नव्हता. दोष डोळ्यांसमोर होता, आगगाडीची सोयही डोळ्यांसमोर होती, आणि दोन्ही पाहून त्यांनी होय म्हटले. आमच्या भेटीस आलेले ते कारखानदार पुन्हा येणार आहेत. त्या वेळी त्यांना चार जणांची चार उत्तरे मिळू नयेत, अशी आमची शहरातील जबाबदार मंडळींस विनंती आहे. त्यांना आयर्विन पुलावर घेऊन जावे, पाणी कोठवर आले होते ती खूण दाखवावी, आणि तेथूनच कुपवाडच्या उंचवट्याकडे घेऊन जावे. त्यानंतर ते जो निर्णय घेतील तो टिकेल.